चौदा महिने, एक्केचाळीस फ्लॅट, सौदा शून्य. तुम्ही लोक टिकता कसे?

वारजेकर (शनिवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण आज दुपारी एक्केचाळिसावा फ्लॅट बघून आलो आणि येताना गाडीत बायको एक अक्षर बोलली नाही, घरी आल्यावर चप्पल काढता काढता फक्त म्हणाली, पुढच्या शनिवारपासून तू एकटा जा.

थोडं आधीचं सांगतो. वय ४३, नोकरी चाकणला, राहतं घर वारज्यात, त्याचं कर्ज फिटलंय. २०१३ ला धायरीत एक वन बीएचके घेतला होता, तो भाड्याने आहे आणि भाडेकरू चांगला मिळालाय (हे लिहिताना टेबलाला हात लावतोय). आता दुसरा घ्यायचाय, फक्त गुंतवणूक म्हणून, रीसेल, ५० च्या आत. अठ्ठावन्नला नोकरी संपेल तेव्हा दोन भाडी हातात यावीत एवढीच अपेक्षा, बंगला-बिंगला काही नको.

पण सौदाच बसत नाही हो. पोर्टलवर ४२ लाखाचा दिसतो, फोन केला की "तो कालच गेला सर, तसाच आहे दुसरा, ५१ ला". नऱ्ह्यात एक बघितला, किचनच्या खिडकीला हात लावला तर जाळी फ्रेमसकट हातात आली, मालक म्हणतात ते किरकोळ आहे, आणि भाव मात्र शेजारच्या नव्या टॉवरचा.

आजच्या फ्लॅटचा हिशोब देतो. मागणी ४८. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के म्हणजे ३.३६, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंट १ टक्का म्हणजे ४८ हजार, रंग, ट्रॉली, गीझर धरून १.६०. झाले ५३.७४ लाख. भाडं १६ हजार, वर्षात एक महिना रिकामा धरला तर १ लाख ७६ हजार, त्यातून मेंटेनन्स ३० हजार, मालमत्ता कर ७ हजार, किरकोळ दुरुस्ती ९ हजार काढले की उरतात १ लाख ३० हजार. म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाही. एफडी यापेक्षा जास्त देते आणि एफडीची जाळी हातात येत नाही.

तर प्रश्न दोन. एक, चांगला सौदा सापडतो कुठे? पोर्टलवर तर नक्कीच नाही. आणि दोन, सापडेपर्यंत माणसाने टिकायचं कसं?

निवांत_नारू (शनिवार, रात्री ११:५९)

इंडेक्स फंड घ्या, शनिवारी झोपा. धागा संपला.

वारजेकर (रविवार, सकाळी ७:१०)

नारूभाऊ, एसआयपी चालू आहे हो, ती वेगळी. आमचे वडील बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहिले आणि दर ११ महिन्यांनी मालकाच्या दारात उभे राहिले, ते डोक्यातून जात नाही. हिशोबात हे बसत नाही ते मलाही कळतंय.

जिद्दी_मन (रविवार, सकाळी ८:०२)

सर हार मानू नका!! १०० फ्लॅट बघा, १० ला ऑफर द्या, १ नक्की मिळेल!! रोज पहाटे पाचला उठून आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगा मी गुंतवणूकदार आहे. मी एका सेमिनारमध्ये

निवांत_नारू (रविवार, सकाळी ८:०५)

आरशाचा भाव काय चाललाय सध्या?

सुमाकाकू (रविवार, सकाळी १०:३१)

अरे वारजेकर, दमलास ते साहजिक आहे, पण तू फिरतोयस कुठे कुठे ते बघ. धायरी, नऱ्हे, आज कुठे होतास ते लिहिलंच नाहीस. शहरभर हिंडणारा माणूस सगळीकडे पाहुणाच असतो, आणि पाहुण्याला कोणी खरा भाव सांगत नाही.

माझं सांगते. मी बँकेतून रिटायर झाले २०१४ ला. माझे तीन फ्लॅट आहेत, तिन्ही कर्वेनगरात, तिन्ही माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांत. भाडेकरूंची वाण नाही, आजूबाजूला मुलींची कॉलेजं आहेत. मी फक्त अकरा सोसायट्यांवर लक्ष ठेवते. कोणाचा वॉचमन कोण, कुठल्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर येतो, कुठल्या सेक्रेटरीचं कोणाशी पटत नाही, सगळं वहीत आहे. आता तू विचारशील यात सौदा कुठला. तर ऐक.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे ना, तिथे इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या खरेदीखताची नोंद, फुकट बघता येतो. वर्ष, तालुका, गाव, सर्व्हे नंबर टाकायचा. कॅप्चा चार वेळा चुकतो, पान अडकतं, मी दुपारी दोनला करते तेव्हा जरा बरं चालतं. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे दिसतात. एजंट सांगतो "या बिल्डिंगमध्ये ६५ च्या खाली काही नाही" आणि माझ्या वहीत असतं की दुसऱ्या मजल्यावरचा गेल्या मार्चात ५६ ला गेलाय. मग मी वाद घालत नाही. चहा पिते आणि ५६ पासून बोलायला लागते.

आणि रस्ता मोजायचा. हसू नका. जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला जाणार म्हणून लोक डोळे मिटून घेतात, पण समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथे टीडीआर (म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही, मग बिल्डर कशाला हात लावेल? मी एकदा सकाळी सहाला नातवाला घेऊन टेप लावून गल्ली मोजली होती. ७.४० भरली. दूधवाला थांबून बघत होता, म्हणाला आजी गटार टाकताय का. तो फ्लॅट सोडला, फार आवडला होता तरी.

टिकण्याचं म्हणशील तर २०२० ते २०२२ मी एकही घेतला नाही. वही मात्र चालू होती.

मधुरा_के (रविवार, सकाळी ११:१५)

काकू तुमचा प्रतिसाद आवडला पण एक विचारते, राग मानू नका. स्वस्तात देणारा माणूस बहुतेकदा अडचणीत असतो. नोकरी गेलेली, घटस्फोट, आजारपण. आमच्या घरी २०११ ला अशीच वेळ आली होती आणि जो माणूस फ्लॅट बघायला आला तो हॉलमध्ये उभं राहून आईसमोरच एजंटला म्हणाला, थांबा, अजून दोन महिन्यांत हे अजून खाली येतील. ते वाक्य मी अजून विसरले नाही. "सौदा शोधणे" म्हणजे नेमकं काय शोधणे?

सुमाकाकू (रविवार, दुपारी १२:४८)

मधुरा, राग कसला. असा माणूस माझ्याही ओळखीचा आहे आणि मी त्याच्याबरोबर फ्लॅट बघायला जात नाही.

माझा तिसरा फ्लॅट असाच होता, २०२३ च्या शेवटी. नवरा गेलेला, बाई एकटी, मुलगा बंगळूरला, तिला तिकडे जायचं होतं पण घर बघायला येणारे नुसते येत होते, कोणी लोन अडकलंय म्हणे, कोणी दिशा बरोबर नाही म्हणे. सहा महिने रोज कोणीतरी दार वाजवतंय. मी तिच्या मागणीतून दोनच लाख कमी केले, पण सगळे पैसे तीन आठवड्यांत आणि ताबा तिला हवा तेव्हा. तिने खरेदीखतानंतर अडीच महिने राहायचं म्हटलं, तसं लिहून घेतलं, भाडं घेतलं नाही. देव्हारा तिने तिथेच ठेवला, अजून आहे. तिला पैशापेक्षा कटकट संपणं हवं होतं. विकणाऱ्याला काय हवंय ते विचारलं तर बहुतेक लोक सांगतात, आपण विचारतच नाही.

मधुरा_के (रविवार, दुपारी १२:५५)

धन्यवाद काकू. हे वेगळं आहे.

हातोडा (रविवार, दुपारी ३:२०)

बँकेच्या लिलावाचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण यूट्यूबवर बघून पोरं उड्या मारतायत, "बाजारभावाच्या २० टक्के खाली!" वगैरे. मीही मारली होती.

कर्ज थकलं की सरफेसी कायद्याखाली बँक तारण फ्लॅट विकते. राखीव किमतीच्या १० टक्के आधी भरायचे, बोली लागली की ती धरून २५ टक्के त्याच दिवशी नाहीतर पुढच्या कामाच्या दिवशी, उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत. बँक मान्य करेल तर मुदत वाढते पण तीन महिन्यांच्या वर नाही. पैसे चुकले तर भरलेले जप्त. आणि जाहिरातीत ठसठशीत लिहिलेलं असतं की जसं आहे जिथं आहे तत्त्वावर, त्याचा अर्थ आपल्याला नंतर कळतो.

माझ्या केसमध्ये ताबा "सांकेतिक" होता. म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत माणसं राहतायत. मॅजिस्ट्रेटची ऑर्डर होऊन प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत माझे १३ महिने गेले. आत गेलो तर स्विचबोर्ड काढून नेलेले, कमोड नाही, बाल्कनीचं ग्रिल नाही, आणि किचनच्या ओट्यावर एक कॅलेंडर नीट लावून ठेवलेलं. ते बघून कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू.

हिशोब: बोली ३७.२० लाख. सोसायटीची थकबाकी १.८४. मालमत्ता कर ६२ हजार. विजेचं जुनं बिल ३१ हजार, मी म्हटलं मी का भरू, तर सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा निकालच आहे की लिलावात घेणाऱ्याकडून आधीच्या मालकाची विजेची थकबाकी मागता येते. दुरुस्ती ३.५०. स्टॅम्प आणि रजिस्ट्रेशन २.९०. एकूण ४६.३७. तसाच फ्लॅट त्याच बिल्डिंगमध्ये तेव्हा ४६ ला मिळत होता, स्टॅम्प-रजिस्ट्रेशन धरून ४९.५२. म्हणजे वाचले ३.१५. आणि १३ महिने ३७ लाखांवर ९ टक्क्यांनी व्याज गेलं ३.६३. बाजारातून सरळ घेतला असता तर ४८ हजार वाचले असते आणि ब्लडप्रेशरची गोळी लागली नसती.

आता पुन्हा लिलावात जाणार का? हो जाणार. पण फक्त प्रत्यक्ष ताबा असलेल्या, आणि आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन थकबाकी लेखी घेऊन मगच. सरकारी बँकांच्या जाहिराती बँकनेटवर एका जागी बघायला मिळतात, दर सोमवारी वीस मिनिटं, बस.

निवांत_नारू (रविवार, दुपारी ३:३१)

हातोडा, तुमच्या प्रतिसादामुळे माझे इंडेक्स फंड मला आणखी आवडायला लागलेत.

काळा_कोट (रविवार, रात्री ९:४०)

उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी, फी न घेता.

स्वस्तात मिळाला म्हणून लोक खूश होतात पण रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, बघत नाहीत. स्टॅम्प ड्यूटी रेकनर आणि करारातली रक्कम यात जी जास्त तिच्यावर बसते. आणि करारातली रक्कम रेकनरपेक्षा फार खाली गेली, म्हणजे फरक १० टक्क्यांच्या वर, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर इन्कम टॅक्स लागतो. विकणाऱ्यालाही कॅपिटल गेन रेकनर धरूनच मोजावा लागतो. तेव्हा फार मोठी "डील" झाली असेल तर आधी सीएकडे जा, पेढे नंतर.

"थोडे रोख द्या" म्हणणाऱ्यापासून लांब. स्थावर मालमत्तेत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि आपल्याकडे त्या पैशाची पावती नसते.

सगळ्यात जास्त केसेस माझ्याकडे येतात त्या वारसांच्या. आई-वडील गेले, फ्लॅटवर एकाचं नॉमिनेशन, तो म्हणतो मीच मालक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हातात आल्याशिवाय विसार म्हणून दहा हजारसुद्धा देऊ नका. असे फ्लॅट खरोखर वाजवी भावात मिळतात, कारण भावंडांना वाटणी हवी असते, पण एक बहीण राहिली तरी तुमचा सौदा दहा वर्षं लटकतो.

एडिसनकर (सोमवार, पहाटे ४:१२)

इकडून न्यू जर्सीतून. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, विकणारा. कोथरूडचा फ्लॅट आठ वर्षं बंद, दर भारतफेरीत चार दिवस त्या फ्लॅटच्या नळ-दिव्यात जातात, एकदा तर पूर्ण सुट्टी फक्त गळती शोधण्यात गेली. माझ्यासारखे इथे डझनभर ओळखीचे आहेत, सगळ्यांना विकायचाय आणि कोणालाच एजंटशी रात्री दोनला फोनवर बोलायचं नाहीये. वारजेकर, तुमच्या सोसायट्यांमधले बंद फ्लॅट मोजा. सेक्रेटरीला ईमेल माहीत असतो.

एक मात्र लक्षात ठेवा, विकणारा एनआरआय असेल तर ५० लाखांच्या वरच्या घराला एरवी कापतात तो १ टक्का टीडीएस चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि ५० च्या खालीसुद्धा कापावा लागतो. कमी दराचं सर्टिफिकेट विकणाऱ्याने आयकर खात्याकडून आणायचं असतं. माझा पहिला ग्राहक याच गोंधळात पळाला.

नाशिककर_आबा (सोमवार, सकाळी ९:२५)

टिकण्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून. आम्ही पाच मित्र, सगळे नोकरीवाले. पाच वर्षांपासून आमची "घरभिशी" आहे. पैशाची नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिसळ खायला भेटायचं, प्रत्येकाने त्या महिन्यात बघितलेलं एक घर सांगायचं आणि ते का सोडलं ते सांगायचं. ज्याने एकही बघितलं नाही त्याने बिल भरायचं. बाकीचे चौघे त्याच्या कारणावर तुटून पडतात. कधी कधी कळतं की कारण खोटं होतं, भीतीच वाटत होती. मला एकदा सगळे म्हणाले, आबा तू हे घर सोडलंस कारण तुला कर्जाचा हप्ता नको आहे, भाव ठीक होता. खरं होतं ते. पाच वर्षांत आमच्यात मिळून चार घरं झाली, एकाने तर ठरवलं की आपल्याला हे करायचंच नाही, तो अजून मिसळीला येतो.

एकट्याने बघत राहिलं की एक्केचाळीस हा आकडा अंगावर येतो. पाच जणांत वाटला की आठ-आठच होतात.

मुठाकाठ (सोमवार, सकाळी ११:०३)

स्वस्त का आहे ते विचारा एवढंच सांगायला आलो. सिंहगड रोडला एकतानगरीत २५ जुलै २०२४ ला पहाटे पाणी शिरलं तेव्हा मी तिथे भाड्याने होतो, तळमजल्यावरचे लोक बोटीतून काढले. त्यानंतर काही महिने तिथले फ्लॅट "डील" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (जिथे बांधकामाला बंदी असते) ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले, तिथे लोकांनी कर्ज काढून प्लॉट घेतले होते. पूररेषेचा नकाशा मागा, आणि फ्लॅट ऑगस्टमध्ये बघा, मेमध्ये नाही. मेमध्ये फक्त टँकरचं बिल बघा.

जिद्दी_मन (सोमवार, दुपारी १:४४)

आबा तुमच्या भिशीत जागा आहे का? सेमिनारपेक्षा मिसळ स्वस्त पडेल.

वारजेकर (साडेतीन महिन्यांनी, रविवार, रात्री १०:२०)

धागा वर काढतोय, सगळ्यांचे उशिरा आभार.

तर झालं असं. काकूंचं ऐकून मी वारज्यातल्याच नऊ सोसायट्या धरल्या, बाकी सगळ्या एजंटांचे ग्रुप सोडले. फोन एकदम शांत झाला, पहिला आठवडा तर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. इंडेक्स टू काढायला बसलो, दोन रात्री गेल्या, पण तिसऱ्या रात्री बायको शेजारी येऊन बसली आणि म्हणाली हे बघ, ही आपल्या समोरची बिल्डिंग, एवढ्याला गेला? वही आता तिच्याकडे आहे, माझं अक्षर तिला वाचता येत नाही. आणि घर एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का कमी होतो हे तिनेच शोधून काढलं, माझं नाव बरोबर घातलं की तो जातो, त्यामुळे माझं नाव नाही असं तिने जाहीर केलंय.

नऊ सोसायट्यांत बंद फ्लॅट सतरा निघाले. सतरा! इतकी वर्षं इथे राहतोय आणि मला माहीतच नव्हतं. सेक्रेटरींना भेटलो, दोघांनी हाकलून दिलं, एकाने तासभर पार्किंगचं भांडण ऐकवलं आणि मग जाता जाता म्हणाले, बी विंगमधले काका गेले, मुलं विकायचं म्हणतायत.

वन बीएचके, दुसरा मजला, १९९८ ची बिल्डिंग, पूर्वेला खिडकी. मागणी ४७. आमच्या वहीत त्याच विंगचा ४३.८० होता. बोलता बोलता ४५.२५ ला आलोय. मधुराताई, तुमचं वाक्य डोक्यात होतं, त्यामुळे आधी विचारलं की तुम्हाला काय सोयीचं आहे. तर त्यांना पैशापेक्षा काकांची पुस्तकं कुठे द्यायची याची चिंता होती, चार कपाटं आहेत. एका ग्रंथालयाशी बोलून देतो म्हटलं, तिथून बोलणं सोपं झालं. भाड्याचा हिशोब अजूनही तीनच्या आत आहे नारूभाऊ, माहितीये.

भावंडं तीन. दोघं तयार आहेत, बहीण इंदूरला, ती दिवाळीनंतर येणार. काळा_कोट साहेबांचं ऐकून तिची सही होईपर्यंत एक रुपया दिलेला नाही, मोठा भाऊ थोडा नाराज आहे, एजंट तर रोज फोन करून "दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे" सांगतो. उभी राहू दे.

निवांत_नारू (रविवार, रात्री १०:२६)

वहिनींच्या नावावर घेताय हे वाचून बरं वाटलं. शुभेच्छा, मनापासून.

सुमाकाकू (सोमवार, सकाळी ६:५०)

छान. रस्ता मोजलास का?

वारजेकर (सोमवार, सकाळी ८:१५)

मोजला काकू, काल सकाळीच, पोराला टेप धरायला लावला. मंजूर नकाशात ९ मीटर लिहिलंय, टेपवर ८.७० भरतोय, समोरच्या बंगल्याने कंपाउंड पुढे घेतलेलं दिसतंय. आज अर्धी रजा टाकून महापालिकेत डीपी (विकास आराखडा) बघायला चाललोय.